मातीची परीक्षा

“डोंगर मेला आसंल तर पयली कुदळ मी मारते,” आत्याबाई म्हणाल्या, आणि शाळेच्या पटांगणात भरलेल्या ग्रामसभेतल्या सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, केवळबाई मिसाळ. मी लग्न होऊन जांबदऱ्याला आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नव्या सुनेनं बायकांच्या घोळक्यात पदर सावरून बसायचं आणि कान उघडे ठेवायचे, एवढंच माझं काम. तरी ते वाक्य ऐकून मी मान वर केली. आत्याबाई एकदा बोलल्या की करून मोकळ्या व्हायच्या, हे एव्हाना मला कळून चुकलं होतं.

समोर खुर्चीवर सरपंच भागवतराव बसले होते. ते आत्याबाईंचे चुलतदीर. माणूस वाईट नव्हता. गावच्या विहिरी होळीलाच तळ गाठायच्या, आणि त्यांच्या हाती एक योजना आली होती. गावामागच्या डोंगरावर मशीन चढवायचं, आडवे चर खणायचे, पाणी अडवायचं आणि चरांच्या काठानं झपाट्यानं वाढणाऱ्या गिरिपुष्पाची रोपं लावायची. मशीन गावाला मिळणार म्हणून तरणी पोरं आधीच हवेत होती.

“वहिनी, डोंगरावर हाय काय, तुमीच सांगा,” भागवतराव म्हणाले. “नुसतं कुसळी गवत. शेरडं बंद करून दोन पावसाळे झाले, एक तरी झाड वर आलं का?”

“येतंय की. घाई कुणाला हाय?” आत्याबाई उभ्याच होत्या. “मी सून हून आले तवा त्या डोंगरावर चालताना ऊन लागत न्हवतं. साग काय, बहावा काय. कोळशाच्या भट्ट्यांनी खाल्लं सारं. पर बी मातीत ऱ्हातंय, भाऊजी. त्याला निजू द्या, त्याचं त्ये उठतंय. तुमी मशीननं माती खालीवर केली, की मग कायमचं निजलं.”

“बी हाय कशावरनं?”

आत्याबाईंनी नुसता डोंगराकडं हात केला. पण तृप्ती उठली. तृप्ती बारगजे शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. डोंगराच्या मातीचा अभ्यास करायला म्हणून आमच्याच घरी उतरली होती. अंगानं काडी, पण बोलायला लागली की थांबायची नाही. ती म्हणाली, “काका, हे बघता येतं. डोंगराची वरची माती आणायची, ट्रेमध्ये पातळ पसरायची आणि पाणी देत राहायचं. मातीत जे बी असेल ते उगवेल. मातीत काय आहे ते मातीच सांगेल.”

आत्याबाईंचा चेहरा उजळला. डोंगराची बाजू घेणारं कुणी शिकलेलं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं. मग त्या पुढं झाल्या आणि ते कुदळीचं बोलून बसल्या.

“ठरलं,” भागवतराव म्हणाले. “झाडं उगवली, तर मशीन माघारी पाठवतो. न्हाई उगवली, तर पंधरा ऑगस्टच्या सभेत ठराव. मग वहिनी, मागं फिरायचं न्हाई.”

“मिसाळाची सून हाय मी. मागं फिरायचं तुमच्या पोरांला सांगा.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही तिघी डोंगरावर. मी काळ्या रानातल्या गावची. मला झाड म्हणजे बांधावरची बाभूळ तेवढी माहीत. तृप्ती सुतळीनं चौकोन आखायची, त्यातली वरची माती खुरप्यानं काढून पिशवीत भरायची. आत्याबाई तिला जागा दाखवत होत्या. “हितं सागाचं खोड हुतं. ह्या खबदाडात बहावा फुलायचा. ह्या चढावर बोरी हुत्या, आमी पोरी वटा भरून न्यायचो.” मला त्या सगळ्या जागा सारख्याच उघड्या दिसत होत्या. त्यांना मात्र तिथं झाडं उभी दिसत होती, हे त्यांच्या पावलांवरूनही कळत होतं. जिथं कधी बुंधा असेल तिथं त्या वळसा घालून जायच्या.

“मावशी, तुम्ही तर डोंगराशी लग्न केलंय,” तृप्ती म्हणाली.

“केलंच आसतं. पर त्येनं मागणी घातली न्हाई.”

किती हसलो आम्ही त्या दिवशी! उतरताना तृप्तीच्या पायात काटा गेला तर आत्याबाईंनी तिचा पाय मांडीवर घेऊन तो काढला. सख्ख्या लेकीचं करावं तसं त्या तिचं करत होत्या, आणि मला खोटं कशाला बोलायचं, जरा राग यायचा.

माती आमच्या नर्सरीच्या शेडमध्ये आणून ठेवली. गावच्या बायकांची ती रोपवाटिका, ओढ्याकाठच्या विहिरीवर. आत्याबाई तिच्या मुकादम. तालुक्याहून लोक खास त्यांची रोपं न्यायला यायचे, कारण त्यांनी भरलेल्या पिशवीतलं रोप कधी मरायचं नाही. संध्याकाळी तृप्तीच्या गावाहून निरोप आला, वडिलांना दवाखान्यात नेलंय. पोरगी रडकुंडीला आली. एस.टी.त चढता चढता तिनं आत्याबाईंना सांगितलं, “ट्रेमध्ये बोटभर थर द्या. रोज पाणी. वर हिरवी जाळी बांधा, बाहेरचं बी उडून पडायला नको. आणि काही म्हणजे काही उपटू नका.”

“तू बापाकडं बघ, बाय. हितलं माझ्याकडं लागलं.”

आणि खरंच, आत्याबाईंनी इतकी निगा त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणात घेतली नसेल. ट्रे धुतले. उन्हात वाळवले. मग नर्सरीत नेहमी करायचो तेच केलं. वाळूची मोठी चाळण भिंतीला तिरकी लावली आणि डोंगराची सगळी माती त्यांनी स्वतःच्या हातानं चाळली. मला हातही लावू दिला नाही. आमच्या घरात तशीही माणसं सोडून सगळं चाळलं जायचं. पीठ, मीठ, राख, खत. पिशवीत खडा राहिला तर रोपाचं मूळ वाकडं होतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात भरवलं होतं. चाळणीखाली तपकिरी, रव्यासारखी माती पडत गेली. चाळणीवर खडे, काटक्या, शेरडांच्या लेंड्या, काळ्या पडलेल्या कसल्याशा आठळ्या. ते सगळं मी गोण्यांत भरून शेडच्या कोपऱ्यात रचलं. पावसाळ्यात चिखल झाला की वाटेवर टाकायला खडे लागायचे, आणि आत्याबाईंकडं काही वाया जायचं नाही.

ट्रे भरून झाल्यावर त्यांनी मातीवरून अलगद हात फिरवला.

“बघ मंदे, कशी हाय. हिच्यात न्हाई आलं तर कुटं येणार?”

आठवडाभरात हिरवे ठिपके दिसले. आत्याबाई पहाटे उठून आधी ट्रे बघायच्या, मग चूल. गुडघ्यावर बसून, डोळे बारीक करून. एकेक अंकुर पानावर आला की त्या त्याचं नाव सांगायच्या. तरोटा. कुर्डू. केना. पुन्हा तरोटा. आघाडा. कुसळी, कुसळी, कुसळी. त्या म्हणायच्या, “आधी बाजारबुणगं येतं. झाडं दमानं येत्यात.” आषाढ सरला तरी त्या हेच म्हणत होत्या, फक्त आवाज बारीक होत चालला होता.

श्रावणात तृप्ती परत आली. वडील सावरले होते. ती थेट शेडमध्ये गेली, जाळी वर करून एकेक ट्रे बघितला, पानं उलटी करून बघितली. आत्याबाई तिच्या तोंडाकडं बघत उभ्या होत्या. डॉक्टर तपासत असताना घरचं माणूस बघतं तसं.

“मावशी,” ती शेवटी म्हणाली, “एकही नाही.”

“नीट बघ, बाय.”

“बघितलं मावशी. सगळं गवत आणि तण. एकसुद्धा झाड नाही.” तिचेही डोळे भरले होते. “मलाही वाटत होतं, निदान बहावा तरी निघेल. उशीर झाला बहुतेक. बी संपलंय मातीतलं.”

आत्याबाईंनी जाळी पुन्हा नीट बांधली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. रोपांना पाणी घालायला मात्र गेल्या.

पंधरा ऑगस्टच्या सभेत तृप्तीनं जसं होतं तसं सांगितलं. भागवतरावांनी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांना जिंकल्याचा आनंद झाला असेल, पण त्यांनी तो दाखवला नाही. उलट म्हणाले, “वहिनी, ते कुदळीचं ऱ्हाऊ द्या. रागाच्या भरात माणूस बोलतंय.”

“रागानं न्हवते बोलले. भरवशानं बोलले हुते.”

दिवाळी झाल्यावर मशीन आलं. गाव डोंगराच्या पायथ्याशी जमलं. कुणी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. आत्याबाईंनी पदर खोचला, कुदळ उचलली आणि घातली. एकदाच. गवताच्या मुळांत ती अडकली, तर त्यांनी ती हिसका देऊन काढली आणि माझ्या हातात दिली. मागं मशीन घुरघुरायला लागलं. आमचे हे तेव्हा बार्शीला कामाला होते, शनिवारी आले. त्यांनी विचारलं, “आई गप का?” मी काय सांगणार? डोंगर गेला म्हणून एवढं दुःख करणारं माणूस मी तरी आधी बघितलं नव्हतं.

महिनाभरात डोंगराच्या अंगावर आडवे चर पडले. खालचा पिवळा मुरूम वर आला, वरची माती बांधाखाली गेली. गिरिपुष्पाच्या पिशव्या आमच्याच नर्सरीतून गेल्या आणि त्या आत्याबाईंनीच भरून दिल्या. त्यांच्या पिशव्या तिथंही मेल्या नाहीत.

चैत्रात तृप्ती पेढे घेऊन आली. अभ्यास पुरा झाला होता, त्यात पहिला नंबर आला होता, आणि गावोगावच्या डोंगरांचं काम करणाऱ्या एका संस्थेत तिला नोकरीही लागली होती. आत्याबाईंनी तिची दृष्ट काढली. डोंगर खणल्यापासून त्या मनापासून हसलेल्या मी तेव्हाच बघितल्या.

मग पुन्हा पावसाळा. शेडच्या मागं पाण्याची टाकी पाझरायची आणि तिथं पाय रुतायचे. मी कोपऱ्यातल्या त्या गोण्या ओढून नेल्या, खडे तिथं ओतले आणि फावड्यानं पसरले. पंधरवड्यानं टाकीची तोटी बंद करायला गेले, तर खड्यांतून काहीतरी वर आलेलं. तरोटा नव्हे. तरोटा एव्हाना मी झोपेतही ओळखला असता. जाडसर, खरखरीत पानांच्या जोड्या. आणि एक नाही, जागोजागी.

“आत्याबाई! जरा इकडं या हो!”

त्या हात पुसत आल्या. खाली वाकल्या. एका रोपाचं पान चिमटीत धरून चुरगळलं, बोटं लाल झाली ती बघितली. “साग,” त्या म्हणाल्या. मग पुढच्याला हात लावला. “बोर.” मग हळूहळू, गुडघ्यांवर, त्या सगळ्या खड्यांवरून फिरल्या. “ह्यो बहावा. ह्यो बी बहावा. ह्यो बेहडा.” मी खुशीत होते, अजून माझ्या डोक्यात काही शिरलंच नव्हतं.

त्यांनी वर बघितलं. “मंदे, हे खडं कुठलं?”

“त्या गोण्यांतलं. तृप्तीताईंची माती चाळली होती, तिच्यातलं.”

बोलून गेले आणि मग मला कळलं. त्यांना माझ्या आधी कळलं होतं. त्या तशाच चिखलात बसल्या. चाळू नका असं सांगायचं तृप्तीला सुचलं नव्हतं, कारण कुणी चाळेल हे तिच्या मनातही आलं नसेल. आणि न चाळता माती पसरायची असते, हे आत्याबाईंच्या मनात येणं शक्य नव्हतं. तण बारीक, ते चाळणीतून खाली गेलं. झाडांचं बी मोठं, ते वर राहिलं.

“काळ्या पडल्या हुत्या आठळ्या,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, मेल्यात.”

“आपण तृप्तीताईंना कळवू या. भागवतमामांना सांगू.”

“काय सांगू? डोंगर खणून झालाय. आता त्येला सांगून त्यो काय चर बुजवणार हाय?”

“निदान तृप्तीताईंना तरी.”

“तिला तर मुळीच न्हाई.” त्यांनी माझा हात घट्ट धरला, चिखलानं माझं मनगट बरबटलं. “पोरीचा पयला नंबर त्याच्यावर आलाय. नोकरी लागली. चूक माझी आन् तोंडचा घास तिचा काढू? त्या पोरीचे पेढे खाल्लेत मी. माझ्या गळ्याची शप्पत हाय तुला, मंदे.”

मी पुन्हा एकदा, दोनदा म्हणून बघितलं. त्यांनी ऐकलं नाही, आणि माझी शपथ काही सुटली नाही. काही रोपं उपटून आम्ही डोंगरावर नेऊन लावली. पण सागाचं, बोराचं मूळ खड्यांतून खोल गेलेलं, ते उपटताना तुटायचं. बरीचशी वाळली. न उपटलेल्यांना आत्याबाईंनी पुन्हा हात लावला नाही. ती शेडमागंच वाढली.

डोंगराचं म्हणाल, तर विहिरींना पाणी थोडं वाढलं. भागवतरावांचं अगदीच खोटं नव्हतं. गिरिपुष्प माजलं. पण त्याखाली काही उगवलं नाही, आणि आत्याबाई त्या बाजूला जायच्या बंद झाल्या. गौरीच्या पत्रीलाही त्या ओढ्याकाठनं जायच्या, लांबच्या वाटेनं.

मधे बरीच वर्षं गेली. माझी मुलं कॉलेजात गेली. आत्याबाईंना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं. आणि एका उन्हाळ्यात दुपारच्या वेळी जीपमधून तृप्ती उतरली. केसांत पांढरं, आवाज भारदस्त झालेला, पण “मावशी!” म्हणून जी हाक मारली ती तीच. आत्याबाई नर्सरीतच होत्या. शेडमागच्या गार सावलीत मी बाज टाकली, चहा आणला.

“काय सुंदर सावली आहे हो,” तृप्ती वर बघत म्हणाली. बहावा फुलला होता, पाकळ्या तिच्या मांडीवर पडत होत्या. मग ती तिच्या कामाचं सांगायला लागली. तालुका, जिल्हा, शेजारचा जिल्हा. “मावशी, खरं सांगू? तुमच्या डोंगरानं मला शहाणं केलं. नाहीतर मी आयुष्यभर ‘थांबा, आपोआप येईल’ म्हणत बसले असते. आता गावात कुणी तसं म्हणालं, की मी म्हणते, नका थांबू. माती रिकामी झालेली असते, मी स्वतः बघितलंय. चर खणा, रोपं लावा. लोक ऐकतात माझं.”

आत्याबाईंची कपबशी हातातच राहिली. “परतेक गावात माती लावून बघितलीस का गं?”

“सगळीकडे कुठं जमतंय? एकदा कळलं की कळलं. सारखेच डोंगर आहेत.”

“किती गावं झाली?”

“आता मोजत नाही मी, मावशी.” ती हसली. मग खोडाला पाठ टेकवत म्हणाली, “ही झाडं कधी लावलीत? सुरेख आलीत.”

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी बशी खाली ठेवली, चाचपत, दोनदा जमीन शोधून.

“लावली न्हाईत, बाय,” त्या म्हणाल्या. “तुझ्या मातीतली हायेत. मी ती माती चाळली हुती.”

तृप्तीला क्षणभर समजलं नाही. मग तिनं हळूच विचारलं, “कसल्या चाळणीनं?”

“वाळूच्या.”

ती उठली. एका झाडापाशी गेली, मग दुसऱ्या. सागाच्या खोडावर हात ठेवून ती आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“मला तेव्हा का नाही कळवलंत, मावशी?”

“तुला नोकरी लागली हुती.”

तृप्ती परत बाजेवर येऊन बसली.

“त्या बाकीच्या डोंगरांत काय हुतं गं?” आत्याबाईंनी विचारलं. “बी हुतं का?”

“मला माहीत नाही. मी बघितलंच नाही.”

“आता बघितलं तर?”

“आता नाही कळणार. वरची माती राहिलेलीच नाही.”

ती लगेच निघाली. पुढच्या आठवड्यात एका गावात मशीन जायचं होतं, ते थांबवते म्हणाली. आत्याबाईंच्या पाया पडली, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जीपचा आवाज ओढ्यापलीकडं गेला तरी त्या त्याच दिशेला तोंड करून बसून राहिल्या. मी कपबशा गोळा केल्या. त्यांना घरी न्यायला हात पुढं केला.

“तू म्हणत हुतीस, कळवू या,” त्या म्हणाल्या.

“जाऊ द्या, आत्याबाई.”

“माझा एकच डोंगर गेला, आसं समजून मी गप बसले हुते गं.”